सात पिसांखाली आठ पिसं

न्यू जर्सीत आमच्या गावात एक घर रिकामं करताना जुन्या सामानाची विक्री लागली होती. तिथून मी चौदा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची एक डॉलरची नाणी, घेतली. घरी आल्यावर आधी तराजू काढला. मॉर्गन डॉलरचं वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के. झिजलेलं नाणं थोडं कमी भरतं, पण एक थेट २४ ग्रॅमवरच थांबलं. ते खोटं होतं, बाजूला ठेवलं. उरली तेरा.

या नाण्यांत नुसतं साल आणि टांकसाळीची खूण पाहून भागत नाही. एकाच साली एकाच टांकसाळीत अनेक डाय, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणारे पोलादी साचे, वापरले जायचे आणि प्रत्येक डायची काही ना काही खोड नाण्यावर उतरायची. व्हॅन ॲलन आणि मॅलिस या दोघांनी त्या खोडींना क्रमांक दिले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या प्रकारांना ‘व्हॅम’ म्हणतात.

माझ्याकडे १८८८ चं न्यू ऑर्लिन्सचं एक नाणं होतं. त्या साली तिथल्या एका डायवर लिबर्टीचे, म्हणजे नाण्यावरच्या स्त्रीमुखाचे, ओठ, नाक, हनुवटी दुहेरी उमटली होती. संग्राहक त्या प्रकाराला ‘हॉट लिप्स’ म्हणतात. माझ्या नाण्यावर ओठ साधेच होते, पण सालाचे आकडे दुहेरी दिसले आणि मला वाटलं, काहीतरी हाती लागलं. मी ते आमच्या नाणेमंडळातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांना दाखवलं. त्यांनी भिंग लावून आकड्याची कड पाहायला सांगितली. दुसरी प्रतिमा सपाट होती, पायरीसारखी, आणि मूळ आकडा तिथे बारीक झालेला. म्हणजे नाणं पाडताना डाय जरासा घसरला होता, एवढंच. डायच दुहेरी असेल तर दुसरी प्रतिमा गोलसर आणि उठावदार असते, अक्षरांची टोकं दुभंगलेली दिसतात आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर ती तशीच येते. हा फरक डोळ्यांत बसायला मला पंधरा दिवस लागले. यात नव्याने पडणाऱ्यांनी आधी हेच शिकावं, बाकी सगळं नंतर.

मग १८७८ चं नाणं. हे पहिलंच साल, नाण्याची पाडणी ११ मार्चला सुरू झाली. सुरुवातीला गरुडाच्या शेपटीत आठ पिसं होती. अमेरिकी नाण्यांवरच्या गरुडाला विषम संख्येची पिसं असायची, म्हणून टीका झाली आणि नवी रचना सात पिसांची केली. पण आठ पिसांचे काही डाय तयार होते, त्यांच्यावरच सातचा ठसा पुन्हा दाबला. त्यामुळे काही नाण्यांवर सात पिसांखालून जुन्या पिसांची टोकं डोकावतात. हा प्रकार फक्त फिलाडेल्फियाचा, टांकसाळीची खूण नसलेला.

छतावरच्या दिव्यात मला काहीच दिसलं नाही. टेबलावरचा दिवा अगदी खाली, आडवा धरला, नाणं हळूहळू फिरवलं, आणि शेपटीखाली सावली पडली. एक टोक, मग दुसरं. चार मोजली. श्वास रोखून पुन्हा मोजली, चारच.

किती टोकं दिसतात, हे डायनुसार बदलतं. म्हणून तिथून पुढे चाळणी लावायची: गरुडाच्या पायांतल्या बाणाचं वरचं पीस दांड्याला समांतर आहे ना, ‘लिबर्टी’ची अक्षरं दुहेरी आहेत का, केसांतल्या कापसाच्या बोंडांची कड कशी आहे. ती बोंडं तिहेरी असती तर ‘व्हॅम ४४’ ठरला असता, सात-आठवाल्यांतला सगळ्यात हवाहवासा. माझी साधी निघाली. तीन संध्याकाळी गेल्या तेव्हा दोन क्रमांक उरले. दोघांतला फरक ‘लिबर्टी’वरच्या एका बारीक रेघेत आहे आणि माझ्या नाण्यावर नेमका तोच भाग झिजलेला आहे. क्रमांक मी पेन्सिलीनेच लिहून ठेवला आहे. नाणं अजिबात पुसलं-घासलं नाही. चमक आणायला गेलं की डायच्या खुणाही जातात आणि मोलही.

यातलं किती शिल्लक आहे, हे पाडणीच्या आकड्यांवरून कळत नाही. अमेरिकेच्या पिटमन कायद्याने १९१८ नंतर २७ कोटींहून जास्त डॉलर वितळवले आणि कोणत्या सालाचे किती, याची नोंद ठेवली नाही. त्यातल्या बहुतेक डॉलरांची चांदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानात रुपये पाडायला घेतली. आजीने दिलेला १९१८ चा रुपया माझ्याकडे आहे, कमळाखाली ठिपका, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा. हे वाचल्यापासून मी तो त्या डॉलरांच्याच पेटीत ठेवते.

आता १९२१ ची तीन नाणी राहिली आहेत. त्यातल्या दोनांवर डेन्व्हरच्या टांकसाळीचा ‘डी’ आहे, इतका बारीक की त्याला आडवा प्रकाशही पुरत नाही. वीस पटींचं भिंग मागवलं आहे.