पत्रातला एक शब्द

सांगलीत मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून मी आजवर पुष्कळ पत्रे लिहिली. त्यांतले एक मात्र मनातून जात नाही. तासगावजवळच्या बेदाणा शेडवर काम करणारा एक तरुण सहा वर्षे आमच्याकडे उपचार घेत होता. महिन्यातून एक इंजेक्शन आणि त्यासाठी एक दिवसाची रजा. मालकांनी रजेचे कारण लेखी मागितले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाच्या संमतीशिवाय अशी माहिती देता येत नाही, म्हणून त्याची सही घेऊन मी स्किझोफ्रेनिया असे लिहिले आणि वाचणाऱ्याला समजावे म्हणून मराठी शब्दही जोडला : छिन्नमनस्कता.

दोन दिवसांत त्याचे काम सुटले. मी शेडवर गेले. हिरवा, पिवळा, काळपट माल नजरेने वेगळा करायचा आणि चुकून राहिलेली काडी टिपायची, या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असे मालकच म्हणाले. “पण मॅडम, छिन्न मन म्हणजे एका अंगात दोन माणसं. दुसरा कधी उठंल, कुणी सांगावं?”

स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये स्किझोफ्रेनिया हा शब्द मांडला, तो मनाच्या निरनिराळ्या कार्यांमधला मेळ सुटतो या अर्थाने. एका देहात दोन व्यक्ती हा अर्थ त्यात नाही. हे मी तासभर सांगितले, आणि मालकांनी शांतपणे ऐकले. तरी त्यांचे बोट कागदावरच्या त्या शब्दावरून हलले नाही. जपानमध्ये ‘मन दुभंगण्याचा आजार’ अशा अर्थाचे जुने नाव २००२ मध्ये बदलण्यात आले. आपल्याकडे धरसोडीच्या धोरणालाही हाच आजार सर्रास चिकटवला जातो, आणि आम्ही विभागातले लोक केसपेपरवर निदान लिहून पुढच्या रुग्णाला हाक मारतो.

पुढच्या इंजेक्शनला आला तेव्हा त्याने विचारले, “ताई, माझ्यात दुसरं कोण हाय?” जवळ कोणी नसताना ऐकू येणाऱ्या आवाजांवरून सहा वर्षे तो आपल्या आजाराला ‘आवाजाचा त्रास’ म्हणत आला होता आणि तेवढ्या नावावर त्याचे उपचार एकदाही चुकले नव्हते.

नंतर डॉक्टरांच्या सहीने मी दुसरे पत्र दिले : ‘नियमित उपचार सुरू असून कामास सक्षम’. मालकांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. “मागच्यातलं ते नाव ह्यात का गाळलं?”

तो अजून घरीच आहे. येत्या सोमवारी त्याचे इंजेक्शन आहे. त्याआधी त्याच्या आईला या आजाराविषयी कोणत्या शब्दांत सांगायचे, हे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे आहे.