फळ्यावरची दुरुस्ती

अमृतमहोत्सवाचे निमंत्रण आले, सोबत स्मरणिकेसाठी 'चार शब्द' लिहून पाठवा असा निरोप. शाळेबद्दल लिहायचे तर सगळ्याच गुरुजनांबद्दल, मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनांबद्दल लिहायला हवे, हे मला कळते. पण लिहायला बसलो की डोळ्यांसमोर एकच चित्र येते. ऑफिसबाहेरच्या ओट्यावरचा तो बुटका फळा आणि त्याच्यापुढे वाकून लिहिणारे सर. भूगोलाचे सर. आमच्या वेळच्या कोणालाही नाव सांगायची गरज नाही.

नवीन पिढीसाठी थोडे सांगतो. पहिल्या घंटेच्या आधी सर सायकल कडुनिंबाला टेकवायचे, ओल्या फडक्याने फळा पुसायचे आणि आजचा प्रश्न लिहायचे. त्याच्या खाली कालचे उत्तर. आणि उत्तराच्या खाली, लहान अक्षरात, 'कशावरून?' असे लिहून पुढे त्या उत्तराचा आधार. पुस्तक, नकाशा, वर्तमानपत्र, कोणी पाहिलेली गोष्ट, जे असेल ते. शेजारी झाकणाला फट पाडलेला पत्र्याचा डबा. मधल्या सुट्टीपर्यंत चिठ्ठी टाकायची. नुसते उत्तर बरोबर असेल तर अर्धा गुण, 'कशावरून' लिहिले तर पूर्ण. चुकीच्या उत्तराला शून्य. आणि 'माहीत नाही' असे लिहून खाली स्वतःचे नाव घालणाऱ्याला पाव गुण! हा पाव गुण मी पुढे कुठल्याही परीक्षेत पाहिला नाही.

सर मूळचे अमळनेरचे. साने गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत, ही गोष्ट सरांनी लहानपणी वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली. आपल्याला रोज चार पाने लिहिणे जमणार नाही, रोज एक प्रश्न तरी लिहू, एवढाच त्यांचा हिशोब. सुट्टीत ते धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसत आणि परत येताना प्रश्नांची वही भरून आणत.

प्रश्नांना विषयाची सीमा नव्हती. सोमवारी इतिहास असेल तर मंगळवारी विज्ञान. शुक्रवारी सिनेमा, म्हणून त्या दिवशी डबा लवकर भरायचा. भारतातल्या पहिल्या चित्रपटात तारामतीचे काम कोणी केले? उत्तर: अण्णा साळुंके, पुरुषाने. १९१३ साली फाळक्यांना त्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, तेव्हा खानावळीत काम करणाऱ्या साळुंक्यांना त्यांनी उभे केले. आणि पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट कोणता? 'श्यामची आई', १९५४. ते उत्तर लिहिताना सरांचा खडू जरा जोरात चालला होता.

शनिवारी शब्द. रोजच्या बोलण्यातला एक शब्द घ्यायचा आणि त्याचे माहेर शोधायचे. बटाटा, चावी, पगार हे पोर्तुगिजांकडून आले. अडकित्ता कन्नडमधून. रिक्षा थेट जपानची. सरांच्या घरी अहिराणी, आमच्याकडे लेवा पाटीदारांची बोली, वर्गात पुस्तकी मराठी. आमच्यातले कोणी घरचा शब्द बोलले आणि बाकीचे हसले तर सर तोच शब्द फळ्यावर घेत. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची कविता याच बोलीत आहे, हे मला पहिल्यांदा त्या फळ्याने सांगितले. तोवर घरची बोली म्हणजे लपवायची गोष्ट असे मी समजत होतो.

आता माझ्या स्वतःच्या प्रश्नाचे सांगतो. मी आठवीत. फळ्यावर प्रश्न आला: केळीच्या लाकडाचा उपयोग काय? आमची तेव्हा तीन हजार खोडे, सगळी बसराई जातीची. माझ्याइतके केळीतले कोणाला कळणार? मी पाठपोट चिठ्ठी भरली. सत्यनारायणाला खांब, लग्नाच्या मांडवाला खांब, पुरात तराफा. 'कशावरून' मध्ये ऐटीत लिहिले, 'आमचा मळा'. दुसऱ्या दिवशी फळ्यावर उत्तर नव्हते. सरांनी मला बोलावून सांगितले, "घड कापलेलं एक खोड उद्या घेऊन ये."

वडिलांनी बैलगाडीत टाकून दिले. सरांनी ते ओट्यावर आडवे ठेवले, शिपाई मामांचा विळा घेतला आणि मधोमध कापले. पाणी भळभळ वाहिले. आत कांद्यासारख्या पाकळ्या, एकीवर एक गुंडाळलेल्या, आणि प्रत्येक पाकळीत मधाच्या पोळ्यासारखी हवेची घरे. अगदी मधोमध मनगटाएवढा पांढरा गुळगुळीत दांडा. तो घडाचा दांडा, जमिनीतून निघून सगळ्या पाकळ्यांच्या पोटातून वर गेलेला. सर एकेक पाकळी सोलून आमच्या हातात देत गेले. "लाकूड सापडलं की सांगा." सापडले नाही. ज्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या खोड म्हणत आलो ते नुसते पानांच्या देठांचे गुंडाळे होते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. केळ हे झाडच नव्हे, ती एक प्रचंड वाढलेली औषधी वनस्पती, म्हणजे लाकूड न धरणारी. आणि फळ? वनस्पतिशास्त्राच्या भाषेत केळे हे मृदुफळ, टोमॅटो-द्राक्षाच्या जातीतले.

केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही, हे आपल्याकडे पोरासोरांना ठाऊक असते. सरांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर त्या दिवशी वीतभर डाग पडला. आधी दिसेना, संध्याकाळपर्यंत तपकिरी झाला. मी दहावीतून बाहेर पडेपर्यंत सर तो सदरा घालत होते.

मी घरी येऊन सगळे सांगितले. वडील बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "इतकी वर्सं बाग करतो, पन हे मले कोनी इचारलंच नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना एक घड पाठवला. सरांनी तो फणी फणी करून सगळ्या वर्गाला वाटला.

जिल्ह्याच्या स्पर्धेला आम्हा तिघांना घेऊन सर पॅसेंजरने जळगावला निघाले होते, तेव्हाची गोष्ट. भुसावळ सोडले आणि भादली स्टेशन आले तसे सर उभे राहिले. आम्हीही उठलो. सर म्हणाले, "५ मे १९१८. बालकवी इथे रेल्वेखाली गेले. धरणगावचा मुलगा. अठ्ठावीस पूर्ण नव्हते." गाडी हलेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो, डब्यातली माणसे बघत होती. स्पर्धेत आम्ही शेवटच्या प्रश्नावर हरलो. अजिंठ्याची लेणी कोणत्या जिल्ह्यात? मी घंटी दाबून म्हणालो, जळगाव. सगळी दुनिया जळगाव स्टेशनवर उतरूनच अजिंठ्याला जाते, दुसरे काय सुचणार? लेणी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. परतीच्या गाडीत मी रडत होतो. सरांनी भजी घेऊन दिली आणि विचारले, "कशावरून जळगाव म्हणालास?" मी म्हणालो, स्टेशनवरून. "मग चुकलं कुठे ते तुला कळलंय. खा."

दहावीच्या वर्षी हॅलेचा धूमकेतू आला. १९८६ चा मार्च संपत आलेला, आमची बोर्डाची परीक्षा नुकतीच आटोपलेली. पहाटे चारला सर आम्हा दहा-बारा जणांना तापीकाठी घेऊन गेले. दक्षिणेला क्षितिजाजवळ एक अस्पष्ट पुसट ठिपका. काहींची निराशा झाली, पण सर खूप वेळ बघत राहिले. पुढची खेप २०६१ मध्ये, तेव्हा तुम्ही नव्वदीच्या पुढे असाल, म्हणाले. स्वतःबद्दल काही बोलले नाहीत.

पुढे मी धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो आणि कृषी खात्यात लागलो. मंडळ कृषी अधिकारी म्हणून आज रावेर-यावल पट्ट्यात मृगबाग आणि कांदेबाग या केळी-लागवडीच्या दोन्ही हंगामांत बांधावर असतो. करपा आला, मोझॅक आला की शेतकरी विचारतात, एका खोडाला झाले ते सगळ्या बागेला कसे? मी तिथेच एक खोड कापून दाखवतो आणि सांगतो, दादा, आपल्या केळ्याला बी नाही, कंदातून किंवा रोपातून तीच ती केळ आपण पुन्हा पुन्हा लावतो. सगळी बाग म्हणजे एकच जीव. एकाला जे बाधेल ते सगळ्यांना बाधेल. ग्रॉस मिशेल नावाची जात एकेकाळी जगाचा बाजार चालवत होती. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर रोगाने तिच्या बागाच्या बागा बसवल्या आणि व्यापाराला दुसरी जात धरावी लागली. हे सांगताना माझ्या शर्टावर चीक उडतो. धुवायला टाकताना बायको बोलते, मला त्याचे काही वाटत नाही.

मागच्या वर्षी दाखल्याच्या कामासाठी शाळेत आलो होतो. इमारत सुंदर झाली आहे, संगणक कक्ष पाहून अभिमान वाटला. पण ओट्याला फरशी बसली आणि फळा गेला. तिथे आता निकालाचे फलक आहेत. मुलांना विचारले तर सामान्यज्ञानाची जाड पुस्तके पाठ आहेत, चार पर्यायांतला बरोबर कोणता ते चटकन सांगतात, मोबाइलवर तर त्याहून चटकन. एका मुलाने तापीचा उगम मुलताई, लांबी ७२४ किलोमीटर, असे घडाघडा सांगितले. मी विचारले, भारतातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात, मग आपली तापी पश्चिमेला का रे? तो गोंधळला. तापी आणि नर्मदा खचलेल्या दरीतून वाहतात, पश्चिमेकडे उतार असलेल्या. सातपुडा त्या मुलाला खिडकीतून दिसत होता. दोष त्याचा नाही. त्याला 'कशावरून' विचारणारे कोणी भेटलेले नाही. व्यवस्थापनाला माझी हात जोडून विनंती आहे, तो फळा परत बसवा. खर्च मी देतो, आणि सुट्टीच्या दिवसांत प्रश्न लिहायलाही येतो.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला घेतले ते सांगतो.

३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा अंतराळात गेले. सकाळची शाळा होती. त्या आठवड्यात फळ्यावर दुसरा विषयच नव्हता. शनिवारी शब्दाऐवजी सरांनी लिहिले, चंद्रावरून दिसणारी माणसाने बांधलेली एकमेव वस्तू कोणती? सोमवारी उत्तर: चीनची भिंत. कशावरून: वाचनालयातले एक पुस्तक. आम्ही सगळ्यांनी ते वहीत उतरवले आणि मी तरी पुढे वीस वर्षे लोकांना सांगत होतो.

२००३ ची दिवाळी होऊन गेली होती. मी तेव्हा नंदुरबारला होतो. पन्नास पैशांचे पोस्टकार्ड आले, अक्षर कापरे, पण ओळी सरळ. पत्त्यात 'जि. नंदुरबार' बरोबर लिहिलेले. जिल्हा होऊन पाच वर्षे झाली तरी आमचे नातेवाईक धुळेच लिहीत होते. मजकूर असा होता:

'चि. यास अनेक आशीर्वाद. १९८४ साली मी फळ्यावर लिहिले की, चीनची भिंत चंद्रावरून दिसते. ते चूक आहे. या महिन्यात यांग लिवेई हे चिनी अंतराळवीर पृथ्वीभोवती चौदा फेऱ्या मारून आले. त्यांना त्यांच्याच देशाची भिंत दिसली नाही. ते काही शे किलोमीटरवर होते. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे. भिंत फार लांब आहे, पण रुंदी सहा-सात मीटर, आणि दिसायला रुंदी लागते. डोक्याचा केस चार किलोमीटरवरून पाहण्यासारखे आहे. त्या वेळी मी हे गणित करायला हवे होते, केले नाही, पुस्तकावर विसंबलो. वहीत दुरुस्ती करून घेणे.'

संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी सरांकडे गेलो. खिडकीशी टेबल, त्यावर आठवी 'ब' ची यादी उतरवलेली दोनशे पानी वही. सर आमचे वर्गशिक्षक होते. सेहेचाळीस नावे. एकोणचाळीस नावांपुढे पत्ता आणि टिकेची खूण. तिघांपुढे 'कै.' आणि चौघांपुढे काही नाही. पत्ता विचारत सर स्वतः गावात फिरले होते, जुन्या शेजाऱ्यांना भेटले होते. तरी चौघे राहिले. एक सुरतेकडे कामाला गेलेला, एक मुलगी लग्न होऊन बऱ्हाणपूरला, आणि दोघांची पत्रे 'पत्ता अपूर्ण' शिक्का मारून परत आलेली. ती दोन्ही कार्डे वहीतच ठेवलेली होती. मी म्हणालो, सर, एवढ्या वर्षांनी कोणाच्या लक्षात असेल? सर म्हणाले, "त्यांनी त्यांच्या मुलांना सांगितलं असेल."

सरांना जाऊन आता अकरा वर्षे झाली. ती वही त्यांच्या सुनेने माझ्याकडे दिली. चौघांपुढची जागा अजून कोरीच आहे. आपल्या शाळेची ही स्मरणिका कुठे कुठे जाईल, कोणाच्या घरी पोचेल, सांगता येत नाही, म्हणून इथेच लिहितो. आठवी 'ब', १९८४. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असाल तर वहीत दुरुस्ती करून घ्या आणि मला एक कार्ड टाका, म्हणजे खूण करता येईल. चीनची भिंत चंद्रावरून दिसत नाही. कशावरून, ते वर सरांच्या शब्दांत दिले आहे.