चौदा पाकिटं आणि एक बोट

भुसावळहून तापी ओलांडून फैजपूरच्या रस्त्याला लागलं की कडेला वेफर्सच्या भट्ट्या दिसायला लागतात. मोठी कढई, शेजारी परातीत सोललेली हिरवी केळी, आणि एक माणूस. तो किसणी थेट कढईवर धरतो, केळं सर्रकन फिरवतो आणि चकत्या कढत तेलात पडतात. त्या जरा कडक झाल्या की वाटीतलं मिठाचं पाणी सरळ तेलात मारतो. तेल चर्र करून वर येतं, नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं, भट्टीवाला मात्र जागचा हलत नाही. मीठ मुरतं ते त्या घडीला. वरून भुरभुरवलेल्या मिठाला ती चव नाही, हे मी कोणाशीही भांडून सांगेन.

डिसेंबरात त्याच्याकडून पाव-पाव किलोची चौदा पाकिटं घेतली. सात साधी, सात काळ्या मिरीची. नेहमी तो पिशवीला स्टेपलरची पिन मारून देतो. मी म्हटलं, मशीननं सील कर आणि तुझं लेबल पण लाव.

"लग्न आहे का ताई?"

"नाही भो. बोटीवर चाललोय."

"बोटीवर खायला देत नाहीत का?"

देतात. दिवसभर देतात, एवढं देतात की नको वाटतं. वेफर्स आमच्यासाठी नव्हतेच. बोटीवर काम करणाऱ्यांसाठी होते.

हे खूळ माझ्या पुण्याच्या पुतणीनं डोक्यात घातलं. ती आधी एकदा क्रूझवर जाऊन आलेली. तिचं म्हणणं, काकू, तुमची खोली आवरणारा, टेबलावर वाढणारा, सगळे महिनोन् महिने घराबाहेर असतात. पुष्कळ प्रवासी त्यांच्यासाठी काहीतरी खाऊ घेऊन जातात. पण घरचं नेऊ नकोस, घेत नाहीत. पॅकबंद ने. आणि चॉकलेट नको, ते सगळेच नेतात.

आम्ही चौघं होतो. मी, हे, फैजपूरच्या ननंदबाई आणि आमचे नंदोई. नंदोईंनी पिशवी बघितली आणि हिशोब मांडला. "वहिनी, तिकिटात सर्व्हिस चार्ज घेतलाय. मग हे वरून कशाला?"

त्यांचंही खोटं नव्हतं. बऱ्याच कंपन्या ही बक्षिसी आधीच बिलात धरतात. अमेरिकन कंपन्यांच्या मोठ्या जहाजांवर माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर लागतात म्हणे. आमच्या देशी सहलीत तेवढं नव्हतं, पण होतं. मी काही बोलणार तेवढ्यात हेच बोलले, आणि हे एरवी अशा वादात पडत नाहीत.

ह्यांनी चौतीस वर्षं रेल्वेची इंजिनं चालवली. भुसावळहून कधी इगतपुरी, कधी खंडवा, कधी बडनेरा. घरी कमी, रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या बाहेरगावच्या विश्रांतीच्या खोलीत, जास्त. लाइन बॉक्समध्ये, ड्यूटीवर न्यायच्या पेटीत, मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरून द्यायची, ती तिसऱ्या दिवशी परत यायची तेव्हा डब्याला डिझेलचा वास असायचा. "इतक्या वर्षांत," हे म्हणाले, "गाडीतून उतरलेलं माणूस इंजिनापर्यंत चालत आलं, असं एकदाच झालं." शेगावहून दर्शन करून आलेली एक म्हातारी जळगावला उतरली होती. उलट्या दिशेनं सगळा प्लॅटफॉर्म चालत इंजिनापाशी आली, पदराची गाठ सोडली आणि खोबऱ्याचा तुकडा वर केला. "नीट आणलं रे भाऊ आम्हाले." सिग्नल पडलेला. ह्यांनी वाकून तुकडा घेतला आणि गाडी काढली. मनमाडपर्यंत तो खिशातच होता.

एकोणतीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट मला पहिल्यांदाच कळत होती. आम्हाला डब्याला वास येतो म्हणून कुरकुर करायला तेवढा वेळ होता.

"तीन पाकिटं माझी," हे म्हणाले. "इंजिनवाल्यांसाठी."

रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसनं निघालो. ह्यांना गाडीत झोप लागत नाही, ब्रेक कोण कसा मारतो ते ऐकत बसतात. चाळीसगाव यायच्या आत चौदातली दोन पाकिटं संपली. त्यात माझाही हात होता.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ग्रीन गेटपाशी गर्दी, रांगा, ट्रॉल्या. तिथं बॅगा तपासताना ननंदबाईंचं बिंग फुटलं. त्यांनी गुपचूप चाळीस तिळाचे लाडू आणि ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, भरून आणले होते. बिबडे बोटीवर भाजणार कशावर, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. तपासणारी मुलगी नम्र होती पण ठाम. घरी केलेलं आत नाही. एकाच बोटीवर हजारेक माणसं एका स्वयंपाकघरातलं जेवतात, पोटाची एखादी साथ आली तर भर समुद्रात जाणार कुठे, असं तिनं समजावलं. ननंदबाईंचा चेहरा उतरला. मग त्यांनीच डबा उचलला आणि आमच्या बॅगा आणणाऱ्या हमालांपुढे उघडला. पाच मिनिटांत डबा रिकामा. एक हमाल पाचोऱ्याकडचा निघाला, त्यानं बिबडेही मागून घेतले. माझी पाकिटं लेबल बघून सोडली. भट्टीवाल्याकडे धरलेला मशीनचा आग्रह फुकट गेला नाही, एवढं समाधान.

बोटीचं वर्णन फार करत नाही, ते सगळीकडे मिळतं. सुटण्याआधी सगळ्यांना एकत्र करून लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवतात. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया आडवी झाली, तेव्हापासून ही कवायत निघण्याआधीच घ्यायची असा नियम कडक झाला. हे मन लावून ऐकत होते, नंदोई सेल्फी काढत होते.

आमची खोली म्हणजे स्लीपरचे दोन कंपार्टमेंट जोडावेत एवढी. खोली बघणारा पोरगा मालवणकडचा. दारातच "नमस्कार काका, काकू" म्हणाला तेव्हा मला इंग्रजीतून सुटका झाल्यासारखं वाटलं. त्याच्याकडे अठरा खोल्या. सकाळी एकदा आवरायच्या, संध्याकाळी पुन्हा. संध्याकाळी आलो तर पलंगावर टॉवेलचा हत्ती सोंड वर करून बसलेला, त्याच्या डोळ्यांवर ह्यांचा चष्मा.

मी त्याला त्याच संध्याकाळी तीन पाकिटं दिली. शेवटच्या दिवशी द्यावं असं नंदोईंचं मत. आधी दिलं तर लाच वाटते म्हणे. मला ते पटलं नाही. शेवटच्या दिवशी त्याला अठरा खोल्या रिकाम्या करून, धुऊन, दुपारी नवे लोक घ्यायचे असतात. तेव्हा दिलेला खाऊ तो खाणार कधी? पैशांचं पाकीट मात्र आम्ही शेवटीच दिलं, आणि ते दिलंच. वेफर्स देऊन बक्षिसी वाचवायची हा कोत्या मनाचा धंदा. घरकामाच्या बाईला दिवाळीला फराळ देऊन बोनस बुडवणारी माणसं मी पाहिली आहेत.

त्यानं पाकीट उलटंपालटं केलं. लेबलावर भुसावळ वाचलं. "स्टेशनावर उतरलोय मी तिथं. दिल्लीला ट्रेनिंगला जाताना. रात्री. केळी घेतली होती." मग हळूच म्हणाला, "तिखट आहे ना? आमच्या मेसमध्ये सगळ्या देशांचे असतात. जेवण चांगलं असतं, पण तिखट नसतं."

जुलैत चढला होता तो. गणपतीला घरी नव्हता. आरतीला घरच्यांनी व्हिडिओ कॉल लावला, बोट किनाऱ्यापासून लांब होती, नेट सारखं तुटत होतं. "सुखकर्ता ऐकू आली, पुढे शेंदूर लाल चढायोपर्यंत गेलं ते गेलंच." हसत सांगत होता. मालवणकडच्या माणसाचे गणपती चुकणे म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

ह्यांनी लगेच विचारलं, "ड्यूटी किती तासांची?" रेल्वेच्या माणसाचा पहिला प्रश्न हाच. पोरगा म्हणाला, दहा-अकरा तास, तुकड्या-तुकड्यांत, आणि आठवड्याची सुट्टी अशी नसते. खलाशांसाठी २००६ साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती लिहून ठेवली आहे. दहा तासांचे दोनच तुकडे करता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा हवा. हे मान हलवत ऐकत होते. "रनिंग रूमच आहे," म्हणाले, "फक्त पाण्यावर."

जेवणाच्या टेबलावर आम्हाला वाढणारा फिलिपिन्सचा, मदतीला ईशान्येकडची एक मुलगी. चार पाकिटं त्या दोघांची. फिलिपिन्सवाल्यानं केळीचा वेफर दाताखाली धरला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. त्यांच्याकडेही केळीचे वेफर्स होतात, खोबरेल तेलात, पण साखर लावलेले. खारट, त्यात मिरी, हे त्याला चुकल्यासारखं वाटलं. भद्रपणे म्हणाला, छान आहे. त्याला आवडलं नव्हतं. ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी म्हणाली, त्याच्या वाटचंही मीच खाल्लं. द्यायचं ते दिलं, आवडायची सक्ती करता येत नाही.

नंदोईंनी मध्येच एक बातमी पुरवली. गोऱ्या दर्यावर्दी लोकांत बोटीवर केळी नेणं अपशकुनी समजतात. समज खराच आहे, मासेमारीच्या बोटींवर अजून पाळतात. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला हे ऐकवणं म्हणजे! ननंदबाई म्हणाल्या, "मग आपण तर अपशकुन किलोनं विकतो." आम्ही गोव्याला मुरगावच्या धक्क्याला व्यवस्थित लागलो, हेही नोंदवून ठेवते.

खोलीतल्या टीव्हीवर बोटीचा वेग दिसायचा. १४ नॉट. ह्यांनी कागदावर गुणाकार केला, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. "ताशी सव्वीस! आमची मालगाडी बरी." पण कान जमिनीकडेच. रात्री पलंगाला बारीक थरथर जाणवायची, तेव्हा उठून बसायचे आणि हात फरशीवर ठेवायचे. बहुतेक नव्या क्रूझ जहाजांत डिझेलवर जनित्र फिरतं आणि त्या विजेवरच्या मोटरी बोट ढकलणारे पंखे फिरवतात, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. डिझेल इंजिनाची गाडीही तशीच चालते. मग तर खाली जायचंच, असा हट्ट.

खाली जाऊ देत नाहीत. स्वागतकक्षात विचारून झालं, साफ नाही. ज्या दारावर फक्त कर्मचाऱ्यांसाठी लिहिलेलं असतं, त्याच्यापलीकडे गालिचा संपतो आणि पत्र्याचा जिना सुरू होतो, एवढंच एकदा दार उघडलं तेव्हा दिसलं. शेवटी मालवणवाल्यालाच गाठलं. तो म्हणाला, इंजिनवाले जेवायला मेसमध्ये येतात, मी देतो. ह्यांनी तीन पाकिटांवर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: इंजिन रूम. एक निवृत्त ड्रायव्हर, भुसावळ. लोको पायलट नाही लिहिलं. समुद्रावर पायलट म्हणजे बंदरात बोटीला वाट दाखवणारा वेगळा माणूस, घोळ नको म्हणे.

एक पाकीट लिफ्टपाशी रोज पितळी दांडा पुसणाऱ्या मुलाला दिलं. त्यानं ते इतक्या चपळाईनं कुठे लपवलं ते कळलंही नाही.

मालवणवाल्याला मी एकदा स्पष्टच विचारलं, खरं सांग, तुम्हाला कशाचा उपयोग होतो? तो जरा घुटमळला. "काकू, खाऊ आवडतोच. पण शेवटी ते मत विचारणारा फॉर्म येतो ना, त्यात नाव लिहा. नुसतं सर्व्हिस चांगली असं लिहिलं तर ते कोणाचंच नसतं. पुढचं काँट्रॅक्ट, बढती, सगळ्याला ते बघतात." मग मी तिकिटाच्या पाठीमागे सगळ्यांची नावं छातीवरच्या पट्टीवरून उतरवून घेतली, स्पेलिंगसकट. फिलिपिन्सवाल्याचं आडनाव उतरवायला दोन जेवणं लागली. फॉर्ममध्ये इंजिन रूमला रकानाच नव्हता. जेवण, करमणूक, खोली, स्वच्छता. ह्यांनी तळाशी, इतर सूचना असं लिहिलं होतं तिथं, आडवं-उभं करून पाच ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

शेवटच्या सकाळी मुंबई दिसायला लागली होती. बॅगा बाहेर ठेवलेल्या, आम्ही चहा पीत होतो, तेवढ्यात दारावर टकटक. मालवणवाला. मला वाटलं निरोप घ्यायला आला.

"काका, खालून निरोप आहे. सेकंड इंजिनिअर साहेबांनी विचारलंय," तो म्हणाला, आणि त्याला हसू आवरेना, "मिरीवाले अजून आहेत का?"

चौदावं पाकीट मी परतीच्या गाडीसाठी चोरून ठेवलं होतं, साडीच्या घडीत. हे माझ्याकडे बघायला लागले. मी बॅग उघडली.

रात्री कसारा गेल्यावर ह्यांनी सवयीनं पिशवीत हात घातला, चाचपला, आणि काढून घेतला.

"मनमाडला काहीतरी घेऊ," मी म्हटलं.