दहावी-बारावीनंतर दिव्यांग मुलेमुली जातात कुठे?

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला, की आमच्या महाविद्यालयाच्या समान संधी कक्षात बसल्यावर एक प्रश्न मला दरवर्षी नव्याने छळतो. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांमधून दहावी-बारावीपर्यंत पोहोचलेली दिव्यांग मुलेमुली त्यानंतर जातात कुठे? शाळेत असेपर्यंत त्यांची कुठेतरी नोंद असते, समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक अधूनमधून भेट देतात, परीक्षेच्या वेळी मुख्याध्यापक सवलतीचे अर्ज भरून घेतात. बारावीचा निकाल हातात पडला, की ही सगळी व्यवस्था एकदम थांबते आणि पुढचा प्रत्येक दरवाजा त्या मुलाने किंवा त्याच्या आईवडिलांनी स्वतः शोधायचा असतो. संधी नाहीत असे नाही. त्या बऱ्याच आहेत. पण त्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी हाताशी धरल्या नाहीत, तर अठराव्या वर्षी त्यांतल्या अनेक निसटून जातात, आणि घरात बसलेल्या मुलाला पुन्हा बाहेर काढणे फार अवघड होते, हे मी इथे कळकळीने सांगू इच्छिते.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर परिस्थिती पूर्वीपेक्षा निश्चितच चांगली आहे. 1995 च्या कायद्यात सातच प्रकारचे अपंगत्व मान्य होते. 19 एप्रिल 2017 पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने ही संख्या 21 वर नेली आणि त्यात स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित अशा अनेकांचा समावेश झाला. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान 5 टक्के जागा राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सूट आहे. सरकारी नोकरीतले आरक्षण 3 टक्क्यांवरून 4 टक्के झाले. हे दोन्ही लाभ किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी आहेत, म्हणून प्रमाणपत्रावरच्या त्या एका आकड्याला घराघरांत एवढे महत्त्व आले आहे.

प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, यासाठीचा अर्ज आता स्वावलंबन पोर्टलवर करावा लागतो. तपासणीसाठी आपल्याकडचे बहुतेक लोक सोलापूरच्या सिव्हिलला येतात. करमाळ्याहून किंवा माळशिरसहून मुलाला घेऊन येणाऱ्या आईचा एका तपासणीत अख्खा दिवस जातो, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि एखादा कागद कमी पडला तर पुन्हा एक दिवस जातो. म्हणूनच माझे सांगणे असते, की दहावीच्या वर्षात हे काम हाती घ्यावे आणि लहानपणी काढलेले प्रमाणपत्र तात्पुरते आहे की कायमचे, हे आधी पाहावे. बऱ्याच मुलांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात, आणि मुदत संपल्याचे नेमके प्रवेश अर्ज भरताना लक्षात येते.

विडी घरकुल परिसरात एका विद्यार्थ्याच्या घरी गेले होते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तेंदूच्या पानात तंबाखू भरून दोरा गुंडाळताना तिची नजर एकदाही हातांकडे गेली नाही. मुलाला अंशतः दिसते. पुढच्या शिक्षणाचा विषय काढल्यावर ती म्हणाली, "मॅडम, ह्याची पेन्शन तेवढी चालू करून द्या की, बाकी आमचं आम्ही बघतो." त्या माउलीला दोष देण्याची माझी मुळीच इच्छा नाही. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारे मासिक अर्थसाहाय्य ऑक्टोबर 2025 पासून 1,500 वरून 2,500 रुपये झाले आहे, आणि हजार विड्यांवर ज्या घराचा हिशेब चालतो तिथे ही रक्कम लहान नाही. मात्र पेन्शन सुरू झाली की मुलाचे सगळे मार्गी लागले, अशी जी समजूत आपल्याकडे रुजली आहे तिच्यामुळे कितीतरी हुशार मुलांचे शिक्षण बारावीला थांबते. पेन्शनचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज एकाच आठवड्यात भरता येतो. त्या घरी आम्ही दोन्ही भरले.

हा मुलगा आता बी.ए. करतो आहे, आणि त्याच्या निमित्ताने लेखनिकाचा, म्हणजे परीक्षेत विद्यार्थ्याने तोंडी सांगितलेले उत्तर लिहून देणाऱ्या व्यक्तीचा, विषय थोडा सविस्तर मांडते, कारण सवलत कागदावर असणे आणि ती वापरता येणे यांत केवढे अंतर असते ते तिथे दिसते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाची सोय आहे आणि दर तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर त्याचे शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा कमी असावे लागते. नियम योग्यच आहे, पण त्याचा अर्थ असा, की लेखनिकाला तो विषय बहुधा येत नसतो. आमच्या विद्यार्थ्याची लेखनिक बारावी विज्ञानाची मुलगी होती. अर्थशास्त्राच्या सरावात मागणीच्या नियमाची आकृती आली, तेव्हा तो सांगत होता, "ताई, आडव्या अक्षावर मागणी लिही, उभ्या अक्षावर किंमत. आता डावीकडून वरून सुरू कर आणि उजवीकडे खाली उतरत ये. रेषेच्या दोन्ही टोकांना 'म' लिही." तिने आकृती काढली, पण अक्षांची नावे उलटी पडली. ते त्याला दिसले नाही आणि तिला कळले नाही. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने ते दाखवून दिल्यावर त्याने एक पद्धत ठरवली: आकृती झाली की लेखनिकाने ती शब्दांत परत वाचून दाखवायची. तोंडी उत्तर सांगणे हे वेगळे कौशल्य आहे, त्याला परिच्छेद, विरामचिन्हे, शब्दांचे लेखन यांसह सराव लागतो, आणि तो परीक्षेच्या आधी काही महिने सुरू व्हायला हवा. ज्या मुलांना मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका पुरते त्यांनी लेखनिक न घेता तीच मागावी, असे माझे मत आहे. स्वतःच्या हाताने लिहिण्याची सवय शक्य तितकी टिकवलेली बरी.

40 टक्क्यांच्या आत असलेल्यांनीही निराश होऊ नये. लेखनविकार असलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केले, की लेखनिकाची सवलत 40 टक्क्यांच्या अटीला बांधता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये अशा उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना निघाल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले, की केवळ टक्केवारीच्या आधारे विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येत नाही, तो प्रत्यक्षात अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का हे तपासायला हवे. ही प्रकरणे पालकांनी माहीत करून घ्यावीत, कारण प्रवेशाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाला ती ठाऊक असतीलच असे नाही.

पैशाच्या मदतीबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अकरावीपासून पदव्युत्तर शिक्षणापर्यंत केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. तिला पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहे. एका वर्षी दोन्हींचा लाभ घेता येत नाही, तेव्हा रक्कम पाहून एक निवडावी. एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे, आणि मंद्रूप, वळसंग, मोहोळकडून रोज ये-जा करणाऱ्यांच्या दृष्टीने शिष्यवृत्तीपेक्षा हिचाच उपयोग जास्त होतो. महानगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायती यांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. गावच्या ग्रामसभेत हा प्रश्न उभे राहून विचारला पाहिजे; विचारल्याशिवाय तो निधी कुठे गेला हे क्वचितच कळते.

नोकरीच्या 4 टक्क्यांची विभागणीही समजून घ्यावी. अंध व अल्पदृष्टी यांना एक टक्का, कर्णबधिरांना एक, अस्थिव्यंग गटाला एक, आणि स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून एक. शेवटच्या गटासाठी हे आरक्षण 2016 च्या कायद्यानेच प्रथम आणले, आणि आपल्याकडच्या पालकांना ते सर्वांत कमी माहीत आहे. कोणते पद कोणत्या गटासाठी योग्य मानले आहे, हे जाहिरातीत सांकेतिक अक्षरांनी दिलेले असते. अर्ज भरण्यापूर्वी ती अक्षरे वाचायला शिकवणे हे आमच्या कक्षाचे एक नेहमीचे काम आहे. खासगी क्षेत्रात असे बंधन नाही. तरी सोलापुरात गणवेश आणि टॉवेल-चादरींचा एवढा मोठा उद्योग असताना शिवण, तपासणी, पॅकिंग, संगणकावरची बिले या कामांत कर्णबधिर आणि अस्थिव्यंग तरुणांना जागा का मिळू नये? कारखानदारांशी बोलताना मला विरोध फारसा जाणवला नाही, संकोच जाणवला: बोलायचे कसे, जबाबदारी कोणाची. कर्णबधिर कामगारासाठी सूचना लिहून देणे आणि घंटेसोबत एक दिवा लावणे, एवढ्याने सुरुवात होते.

बँकेचा एक अनुभव इथे नोंदवणे आवश्यक वाटते. शिष्यवृत्तीसाठी खाते उघडायला गेलेल्या आमच्या एका पूर्ण अंध विद्यार्थिनीला शहरातल्या एका शाखेत एटीएम कार्ड नाकारले, आणि वडिलांसोबत संयुक्त खाते काढा असे सुचवले. दृष्टिबाधित ग्राहकांना चेकबुक, एटीएम, नेटबँकिंग, लॉकर या सर्व सेवा भेदभावाशिवाय द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच सांगितलेले आहे. त्या परिपत्रकाची प्रत घेऊन ती स्वतः पुन्हा गेली आणि कार्ड घेऊन आली. वडिलांना मी बाहेरच थांबायला सांगितले होते. वीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पैशांबद्दल स्वतः बोलावे, हे मला त्या कार्डापेक्षाही महत्त्वाचे वाटत होते.

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांच्या बाबतीत अठरावे वर्ष आणखी नाजूक असते. कायद्याने मूल सज्ञान होते आणि आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. ज्यांना त्याची खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. याच गटासाठी असलेल्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यात नियमित उपचार व थेरपीचाही अंतर्भाव आहे. मात्र जो तरुण आधाराने का होईना स्वतःचे निर्णय घेऊ शकतो, त्याच्यावर केवळ सोयीसाठी पालकत्व लादू नये, असे मी आग्रहाने सांगते.

यंदा आमच्या कक्षाने तालुक्यांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांना एक विनंती केली आहे: बारावीला बसलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या पालकांची एक बैठक निकालाची वाट न पाहता दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यावी, आणि प्रमाणपत्राची मुदत, बँक खाते, शिष्यवृत्ती व एसटी सवलत या गोष्टी तिथेच तपासून घ्याव्यात. ज्या महाविद्यालयांत जिना चढूनच कार्यालयात जावे लागते, त्यांनी ही बैठक तळमजल्यावर ठेवावी. आमच्याकडून कोणी ना कोणी तिथे येईल.