जमीन जाणार आहे, मग काड्या कशाला?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते आहे, आणि तुमच्याआधी ज्यांनी विचारले त्यांच्यासाठीही. विमानतळाची घोषणा २०१६ मध्ये झाली तेव्हापासून पुरंदरमधल्या ज्या सात गावांची नावे त्यासाठी जमीन जाणार म्हणून सतत घेतली जातात, त्यांतल्या एका गावात आमची अंजिराची बाग आहे. दर वर्षी मिठ्या बहाराची, म्हणजे उन्हाळ्यात येणाऱ्या फळांसाठीची, छाटणी झाली की मी निवडक झाडांच्या काड्या बांधून फ्रिजमध्ये ठेवते आणि जागेची सोय झाली की त्या पिशव्यांत लावते. बाग राहणार की नाही हेच ठाऊक नसताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी आपुलकीने विचारते, तर कोणी मोबदल्यासाठी झाडांची संख्या वाढवत असल्याचे सुचवते.

दुसऱ्या सूचनेचे उत्तर आधी देते. मोबदला ठरताना जमिनीत उभी असलेली झाडे पाहिली जातात, फ्रिजमधल्या काड्या नाहीत. आणि या काड्यांपासून केलेले एकही रोप मी आमच्या गटात लावलेले नाही. हे इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितले आहे, की आता ते सांगताना माझा आवाज चढतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मात्र एका वैशाखाची हकीकत सांगितली पाहिजे. वाटणीत जुनी बाग चुलत दिरांकडे गेली होती. तांबेरा, मजुरी आणि भावाची अनिश्चितता यांना ते कंटाळले होते. बाग काढण्याचा निर्णय त्यांचा होता आणि तो घेण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. आम्हाला निरोप मिळाला तेव्हा जेसीबी बांधावर येऊन उभा होता. ती झाडे माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, तरुणपणी लावलेली होती. ते काही न बोलता कोयता घेऊन विहिरीकडच्या ओळीत शिरले आणि फांद्या उतरवू लागले. झाडे पानांनी भरलेली होती, ऊन कडक होते आणि प्रत्येक कापातून पांढरा चीक आबांच्या हातांवर गळत होता. अंजिराचा चीक लागलेली कातडी उन्हात भाजल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मनगटांपर्यंत फोड आले होते. मी पाने खुडून, फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवत होते. आमचे काम चालू असतानाच पलीकडची ओळ मुळासकट उपटली जात होती आणि तो आवाज थांबेपर्यंत आबांनी मान वर केली नाही.

त्या काड्या आम्ही शेडनेटखाली लावल्या. थोड्याच दिवसांत डोळे फुटले, कोवळी पाने आली आणि आबांना हुरूप आला. काडीतल्या साठ्यावर पाने आधी फुटतात, मुळे मागाहून येतात, आणि मुळे वेळेवर आली नाहीत तर पाने साठा संपवून माना टाकतात, हे मला माहीत होते. पण रोज सकाळी पाने पाहायला जाणाऱ्या माणसाला ते सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. बहुतेक काड्या बुडाशी काळ्या पडून गेल्या. उरल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तेव्हापासून मी घाईच्या दिवसाची वाट पाहत नाही. झाड विश्रांतीत असताना, पाने गळाल्यावर, पेन्सिलीएवढ्या जाडीची पक्व काडी घ्यावी. वीत-सव्वा वीत लांबी आणि तीन-चार डोळे पुरेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ आणि वरचा तिरका घ्यावा, म्हणजे लावताना खाली-वर चुकत नाही. चीक धुऊन, काडी कोरडी करून, जेमतेम दमट कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर ती काही आठवडे चांगली राहते. कागद ओला राहिला तर बुरशी येते. बाहेर काढल्यावर बुडाला ऊब आणि शेंड्याला सावली मिळाली तर मुळांना डोळ्यांच्या बरोबरीने येण्याची संधी मिळते.

रोपवाटिकेतून रोपे का आणत नाही, असेही विचारले जाते. एके काळी मीच आबांना हे सांगत असे, की वाण सगळीकडे तोच पूना फिग आहे, मग या झाडांचा एवढा जीव कशाला? तो मुद्दा आजही मला पूर्ण खोडून काढता येत नाही. मातीच्या पिशवीतल्या रोपाबरोबर मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी येऊ शकतात आणि मुळे नसलेल्या काडीबरोबर ते येत नाहीत, हे व्यावहारिक उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते खरे कारण नव्हे. पूना फिग परागीभवनाशिवाय फळतो, त्याच्या बियांतून हे झाड पुन्हा उगवत नाही. ते पुढे जाते ते फक्त काडीतून किंवा गुटीतून, म्हणजे झाडावरच फांदीला मुळे फोडून. आबांनी लावलेले झाड टिकवायचे तर त्याचीच काडी जगवावी लागते.

आबांचे म्हणणे असे, की विहिरीकडच्या ओळीतली फळे ओलाव्यातही कमी तडकत. हा गुण झाडाचा की त्या मुरमाड, निचऱ्याच्या जागेचा, हे जागा बदलल्याशिवाय ठरणार नाही, आणि जागा बदलली म्हणजे जे वाचवायचे होते त्यातले अर्धे मागेच राहिले असेल. काही रोपे मी माहेरी, करमाळ्याकडे लावली आहेत. तिथली जमीन काळी आहे, पाणी साचते, आणि अंजिराला साचलेले पाणी सोसत नाही. २०१६ मध्येच पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. पण ते मानांकन प्रदेशाला असते, काडीबरोबर ते जात नाही. करमाळ्यात फळ धरले तर त्याला काय म्हणायचे, यावर आबांचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. ते म्हणतात, झाड तेच, तर अंजीर पुरंदरचेच. मला तसे म्हणवत नाही, आणि तरीही मी काड्या ठेवायचे थांबवत नाही.

ज्यांच्याकडे निचऱ्याची जमीन आहे आणि ज्यांना काड्या हव्या आहेत, त्यांनी छाटणीच्या आधी सांगावे. प्रत्येक जुडीला कोणत्या ओळीतले कोणते झाड याची चिठ्ठी बांधून देईन. फळ तडकते की नाही, एवढे मात्र मला कळवावे.