नीरेचा ग्लास आणि कमलाबाई

सकाळी स्टेशनबाहेरच्या नीरा केंद्रावर लेकीला पहिल्यांदा नीरा पाजली. आधी नाक मुरडलं, मग दुसरा ग्लास मागितला! म्हटलं, या नीरेतल्या पोषक घटकांवर संशोधन करणारी एक बाई होती, कमला सोहोनी. "कोण?" साहजिकच. मलाही बऱ्याच उशिरा कळलं, तेसुद्धा दुर्गा भागवतांची धाकटी बहीण म्हणून.

मग लोकलमध्ये सगळं सांगत बसले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या नंबरानं पास झालेली ही मुलगी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेशच नाकारला. नोबेल मिळालेला माणूस! ही हटली नाही. शेवटी घेतलं, पण वर्षभर 'बघू' या अटीवर. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक.

लेक म्हणाली, "शाळेत महिला दिनाला दरवर्षी त्याच चार फोटोंना हार घालतो आम्ही." आता नोव्हेंबर चालू आहे. आठ मार्चची वाट कशाला बघायची? संध्याकाळी तिनं फ्रिजवर कमलाबाईंचा फोटो चिकटवला, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

पुढच्या महिन्यात कोण, ते तीच ठरवणार आहे.