शेवटच्या ओळीतला 'ओआर'

माझ्या साइटवर वर्डप्रेस (साइट चालवायचं तयार सॉफ्टवेअर) नाही, कधी नव्हतंही. तरी ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय मागितलं याच्या नोंदीत, डब्ल्यूपी-लॉगिन हे वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणाऱ्या ओळींचा खच पडलेला. त्यांना ४०४ ('असं पान नाही') मिळत होतं, तोवर ठीक. पण एक बॉट (आपोआप पानं मागणारा प्रोग्रॅम) सगळी पानं एकामागून एक उपसत होता, आणि बऱ्याच विनंत्यांना यूजर-एजंटच, म्हणजे मागणारा स्वतःचं सांगतो ते नावच, नव्हता. बॉटांनी काय वाचू नये हे सांगणाऱ्या रोबोट्स फाइलमध्ये मनाई होती, पण ती नुसती पाटी. या फाइलचे नियम ठरवणाऱ्या २०२२ च्या आरएफसी ९३०९ या दस्तऐवजातही स्पष्ट म्हटलंय की या नियमांनी कुणाचा प्रवेश अडत नाही. त्यांचे आयपी पत्ते अडवून पाहिले, तर दुसऱ्या दिवशी नवे हजर.

मग अपाचीच्या (माझ्या वेब सर्व्हरच्या) एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फाइलमध्ये तीन रीराइटकंड, म्हणजे अटी, लिहिले: यूजर-एजंट रिकामा, त्यात त्या बॉटचं नाव, किंवा मागितलेला पत्ता डब्ल्यूपी-लॉगिन. खाली रीराइटरूल, म्हणजे अटी जुळल्या की लावायचा नियम, एफ फ्लॅग लावून: थेट ४०३, 'फॉरबिडन', प्रवेश नाही.

कुणीच अडेना. मनातला 'किंवा' मी फाइलमध्ये लिहिलाच नव्हता, आणि अटी एकाखाली एक आल्या की अपाची 'आणि' धरतो. यूजर-एजंट रिकामाही हवा आणि त्यात बॉटचं नावही हवं, असा पाहुणा येणार कुठून!

तिन्ही अटींच्या ओळींशेवटी ओआर ('किंवा') फ्लॅग चिकटवला. कर्लने (कमांड देऊन पान मागायचं साधन) रिकामा यूजर-एजंट पाठवला, ४०३. बॉटचं नाव पाठवलं, ४०३. खूश होऊन लॅपटॉप मिटला.

सकाळी एका वाचकाची मेल: "साइट बंद केलीत का?" ब्राउझर उघडला तर मलाच फॉरबिडन. त्याखाली आणखी एक ओळ, एरर डॉक्युमेंट आणतानाही ४०३ आली म्हणून. हौसेने बनवलेलं माझं 'प्रवेश नाही' पानही आत अडकलं होतं. रात्रभराचा लॉग पाहिला, सगळ्यांना सरसकट ४०३.

ओआर म्हणजे 'ही अट जुळली नाही तरी थांबू नको, पुढची बघ'. शेवटच्या अटीला पुढची नसतेच. यादी संपते आणि अपाची नियम लावून मोकळा होतो. लिहिण्यात चूक नव्हती, म्हणून ५०० (सर्व्हरमधली चूक) आली नाही; आणि अपाचीची सेटिंग तपासणारी कॉन्फिगटेस्ट तर एचटीॲक्सेस उघडूनही बघत नाही. पण खरं सांगायचं तर मी फक्त नको असलेले अडतात का तेवढंच तपासलं होतं. हवे असलेले आत येतात का, हे बघायला एक साधा कर्ल पुरला असता.

शेवटचा ओआर काढला. एरर पान आणि रोबोट्स फाइल यांना सूट देणारा नियम सगळ्यात वर टाकला, कारण रोबोट्स फाइललाच ४०३ मिळाली तर शहाणे बॉटही मनाई नाही असं धरू शकतात.

दुपारी माझीच एक पीएचपी स्क्रिप्ट बंद पडली. ती साइटवरचं फीड (नव्या लेखांची यादी) उचलायची, आणि त्यासाठी वापरलेलं पीएचपीचं फाइल-गेट-कंटेंट्स फंक्शन स्वतःहून यूजर-एजंट पाठवत नाही, म्हणून माझ्याच पहिल्या अटीत अडकली. तिला एक नाव दिलं.